फारकत असो की अपघात : स्टँप पेपरवर सही करण्याआधी

जमिनीचे वाद सोडले, तर खेड्यातल्या माणसाची कोर्टाशी पहिली गाठ बहुधा दोन कारणांनी पडते. घरातल्या कुणाला गाडीनं उडवलेलं असतं, नाहीतर संसार मोडायला आलेला असतो. दोन्ही वेळी घर हादरलेलं असतं, आणि दोन्ही वेळी गावातले चार जाणते एकच तोडगा काढतात : स्टँप आणा, लिहून घ्या, मोकळे व्हा. ट्रकमालक दीड-दोन लाख देतो आणि पोलिसांत जाऊ नका म्हणतो. सासरचे एकरकमी पैसे देतात आणि फारकत लिहून घेतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करते. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक ती सही करून झाल्यावर येतात. हा लेख त्या सहीच्या आधी वाचायचा आहे. ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, त्यांना पहिल्या दिवसापासून काय करायचं ते क्रमानं सांगते.

अपघात : पहिला दिवस

आधी जीव. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. रस्त्यावर पडलेल्याला तुम्ही दवाखान्यात नेलंत, तर पोलीस किंवा डॉक्टर तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाहीत; नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये मदत करणाऱ्याला हे संरक्षण दिलेलं आहे. ते ठाऊक नसल्यामुळे लोक नुसते गोळा होऊन बघत राहतात.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ता अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात होतो. पेशंट भरती करतानाच काउंटरवर या योजनेचं नाव घेऊन विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

आता ज्या चुकीनं भरपाईचे सगळ्यात जास्त दावे बुडतात, ती नीट समजून घ्या. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, काय झालं? घाबरलेला भाऊ किंवा मेहुणा सांगून टाकतो, "गाडीवरून पडला." पोलिसांचं लचांड नको, एवढाच त्याचा विचार असतो. डॉक्टर तेच लिहून घेतात. तालुक्याहून पेशंट नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात हलवला, की तिथल्या कागदावरही तेच उतरतं. दीड-दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तो कागद पुढे ठेवतो : बघा साहेब, हा तर स्वतः पडला होता, ट्रक मागाहून आणला. मग कितीही साक्षी द्या, पहिल्या दिवशीचा कागद भारी पडतो. म्हणून डॉक्टरला खरं आणि पूर्ण सांगा : कोणत्या गाडीनं, कुठे, कुठून येऊन धडक दिली. गाडीचा नंबर ठाऊक असेल तर तोही. ही नोंद पोलीस केस म्हणून करा असं स्पष्ट बोला.

याची दुसरी बाजूही सांगते. ठोकणारी गाडी सापडली नाही म्हणून ओळखीतल्या एखाद्याची विमा असलेली गाडी कागदावर दाखवू, असं सुचवणारे एजंट दवाखान्याच्या दारातच भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. तो गुन्हा आहे. पकडलं गेलं की दावा तर जातोच, वर घरच्या माणसांवर फसवणुकीची केस होते. अज्ञात गाडीसाठी सरकारची वेगळी सोय आहे, ती पुढे येईल.

पहिला आठवडा : पोलिसांचे कागद

पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. जखमी बेशुद्ध असेल तर घरचं कुणीही देऊ शकतं, आणि हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची नक्कल फिर्यादीला फुकट मिळते. ती मागूनच घ्या. उपचारात दिवस गेले आणि फिर्याद उशिरा झाली, तर तेवढ्यानं दावा मरत नाही, पण उशिराचं कारण फिर्यादीतच लिहिलेलं असू द्या.

घटनास्थळाचा पंचनामा होताना घरचा एक शहाणा माणूस तिथे हजर ठेवा. गाडी कोणत्या बाजूला होती, घसरल्याच्या खुणा कुठे आहेत, रस्ता किती रुंद आहे, हे सगळं त्या दोन पानांत येतं, आणि चूक कोणाची हे पुढे त्यावरच ठरतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर तिचा विमा चालू आहे की संपला, ते तिथल्या तिथे बघता येतं.

२०२२ पासून पोलिसांवर आणखी एक जबाबदारी आहे. अपघाताचा पहिला अहवाल त्यांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, पाठवायचा असतो. तो सविस्तर अहवालच दावा म्हणून चालवता येतो. ठाणेदार साहेबांना किंवा तपास करणाऱ्या जमादाराला नम्रपणे पण पुन्हा पुन्हा विचारा, "साहेब, आमचा अहवाल न्यायाधिकरणात गेला का?" शक्य तर हे विचारणं लेखी अर्जानं करा आणि पोच घ्या.

ट्रकमालकाचा स्टँप

याच आठवड्यात मालकाकडून माणूस येतो. बहुतेकदा तो वाईट नसतो. गाडी ठाण्यात अडकली म्हणून त्याचा धंदा बंद पडलेला असतो. तो म्हणतो, मी एवढे देतो, तुम्ही तक्रार नाही म्हणून लिहून द्या.

इथे एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. गाडीचा विमा चालू असेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून जातच नाही; ती विमा कंपनी देते. म्हणजे तुम्ही दावा केल्यानं गावातल्या ओळखीच्या माणसाचं घर बुडणार नाही. हे त्यालाही समजावून सांगता येतं. पण फिर्याद नसेल, पंचनामा नसेल, तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं.

आणि रक्कम किती सोडतो आहोत, ते तरी बघा. समजा, ३४ वर्षांचा माणूस गेला. ट्रॅक्टर चालवून, मजुरी करून महिन्याला १२,००० रुपये कमवत होता. घरात बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतला, स्वतः कमावणारा माणूस असेल, तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के धरायचे : १६,८०० रुपये. वर्षाचे २,०१,६००. घरात अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,५१,२०० उरले. ही वर्षाची रक्कम मयताच्या वयावरून ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणायची. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार येतो २४,१९,२०० रुपये. यात अंत्यविधीचा खर्च आणि बायको, लेकरं, आई यांच्या पोरकेपणाची वेगळी रक्कम अजून मिळवलेली नाही. त्याच्यासमोर दोन लाखांचा स्टँप ठेवून बघा.

४१ ते ४५ वयाला गुणक १४, ४६ ते ५० ला १३, असा तो उतरत जातो. प्रत्येक दावा असाच्या असा मंजूर होईल असं कुणी म्हणू नये. मयताची स्वतःची काही चूक निघाली तर तेवढा टक्का कापला जातो. पण गाडीवर तिघे होते, एवढ्यावरून भरपाई कापत नाहीत. तिघे बसल्यामुळे अपघात झाला हे दाखवावं लागतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. "ट्रिपल सीट होते, आपलीच चूक" असं म्हणून घरी बसलेली घरं मी बघितली आहेत.

कमाई दाखवायची कशी

विदर्भातल्या दाव्याचा जीव इथे आहे. पगाराची चिठ्ठी आपल्याकडे किती जणांजवळ असते? पण कागद असतात, फक्त ते कागद आहेत हे कुणाच्या मनात येत नाही. कापूस विकल्याच्या पावत्या, बाजार समितीतल्या तुरीच्या-सोयाबीनच्या काटापट्ट्या, डेअरीचं दुधाचं खातं, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं पासबुक, ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते, बचत गटाचं रजिस्टर. एका पिशवीत घाला.

शेतकरी गेला की विमा कंपनीचा वकील हमखास विचारतो, सातबारा तर घरच्यांच्या नावे झाला, वावर जागेवर आहे, मग नुकसान कशाचं? याचं उत्तर तयार ठेवा. वावर आहे, पण ते वाहणारा माणूस गेला. आता सालगडी ठेवावा लागतो, किंवा जमीन मक्त्यानं द्यावी लागते. सालगड्याला वर्षाला किती देता, मक्ता किती येतो, अपघाताआधी पीक किती व्हायचं आणि नंतर किती झालं, हे साक्षीत आलं पाहिजे. शेतकऱ्याची मेहनत आणि देखरेख यांचं मोल कोर्ट धरतं. ते मागावं लागतं. दुसऱ्याचं वावर मक्त्यानं वाहणाऱ्याच्या नावे सातबारा नसतो. तिथे मूळ मालकाची साक्ष घ्या.

घरकाम करणाऱ्या बाईचा मृत्यू झाला तर "ती कमावत नव्हती" हे उत्तर चालत नाही. घरातल्या तिच्या कामाचं उत्पन्न धरून भरपाई ठरते.

जखमीच्या दाव्यात अपंगत्वाचा टक्का कळीचा. जिल्हा सामान्य रुग्णालयातून दाखला काढा, पण नुसत्या टक्क्यावर थांबू नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्या माणसाचं काम किती गेलं ते बघायचं. उजव्या हाताची बोटं वळत नसतील, तर कारकुनाचं कसंबसं भागेल. पण वेचणीला जाणाऱ्या बाईची रोजी संपूर्ण बुडू शकते. ती काय काम करायची, आता काय करता येत नाही, हे साक्षीत तिच्याच तोंडून येऊ द्या, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवायला वकिलाला सांगा. औषधांची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या फाडून टाकू नका.

ट्रॅक्टर-ट्रॉली आणि काळी-पिवळी

वेचणीच्या दिवसांत ट्रॉलीत बसून बाया वावरात जातात. ट्रॉली उलटली तर ट्रॅक्टरची विमा कंपनी म्हणते, हे माणसं वाहायचं वाहन नाही. आणि कायद्यात त्या म्हणण्याला वजन आहे. तरीही दावा लावायचा, मालकाला पक्षकार करून. बाया त्याच मालकाच्या मजुरीवर होत्या, तर कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा रस्ताही वकिलाला तपासायला सांगा. पण उभ्या ट्रॉलीला मागून ट्रकनं ठोकलं असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे ट्रकची विमा कंपनी जबाबदार असते आणि बाया ट्रॉलीत का बसल्या होत्या, या कारणावर तिला सुटता येत नाही.

काळी-पिवळीत, म्हणजे प्रवासी जीपमध्ये, जास्त माणसं कोंबली होती, चालकाजवळ परवाना नव्हता, असं निघालं तरी हातपाय गाळू नका. अशा वेळी कोर्ट अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

रोही (नीलगाय) आडवी आली आणि स्वतःच पडून माणूस गेला, तर दुसरी गाडीच नाही. तरी गाडी त्याच्या नावे असेल आणि परवाना असेल, तर विम्याच्या कागदावर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा भरलेला आहे का ते बघा. तो १५ लाखांचा असतो.

दावा कुठे, किती दिवसांत

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. लोक त्याला क्लेम केस म्हणतात. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयात बसतं, आणि पांढरकवडा, पुसद, अचलपूर यांसारख्या ठिकाणी अतिरिक्त जिल्हा न्यायालयातही. अपघात हैदराबाद रोडवर दूर कुठे झाला असला, तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो.

१ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून सहा महिने उलटले असले तरी वकिलाला दाखवल्याशिवाय दावा सोडू नका. पण ज्यांच्या हातात वेळ आहे, त्यांनी सहा महिनेच धरून चालावं.

चूक कोणाची हे सिद्ध करणं अवघड असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक न दाखवता ठरलेली रक्कम मिळते : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. सोपं आहे, पण वरचा २४ लाखांचा हिशेब आठवा. कोणता रस्ता धरायचा, ते वकिलाबरोबर बसून आकडे मांडून ठरवा.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात करायचा. कोर्टाचं काम नाही.

याशिवाय दोन गोष्टी, ज्यांची मुदत फार लहान आहे आणि ज्या दुःखाच्या दिवसांत हातून निसटतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना : मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक माणूस, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दुसरी, पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. पासबुकात वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर मृत्यूला २ लाखांचा विमा आहे. बँकेत महिन्याच्या आत अर्ज द्या. तेरवीपर्यंत थांबलात तरी निम्मी मुदत जाते. म्हणून घरातल्या एका माणसावर हे काम पहिल्या आठवड्यातच सोपवा.

आता फारकत

पहिली गोष्ट ठळक अक्षरात लिहावी अशी : नोटरीसमोर पाचशेच्या स्टँपवर लिहिलेल्या फारकतीनं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. त्यावर सरपंचाची सही असो, दोन्हीकडच्या सोयऱ्यांची असो. घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानंच होतो. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही लागू आहे.

अपवाद आहेत. काही समाजांत फारकतीची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण अशी रूढी आमच्यात आहे हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागूच होत नाही. तिथे जमातीची रीत चालते. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याखाली कोर्टातून विवाह मोडून घेता येतो, आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ पासून गुन्हा आहे. आपण कोणत्या कायद्यात बसतो, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

त्या स्टँपानं लग्न मोडत नाही, पण नुकसान मात्र पुरेपूर होतं. त्यात बहुतेक वेळा एक ओळ असते : "आम्ही उभयता आपसी संमतीने वेगळे राहत आहोत." वाचायला साधी वाटते. पण पोटगीच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, नवरा-बायको आपसी संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही असं लिहिलेलं आहे. नवऱ्याचा वकील तीच ओळ दाखवतो. ती मारहाणीनं माहेरी आली होती आणि बैठकीत दहा जणांनी बसवून तिची सही घेतली, हे मग तिला सिद्ध करत बसावं लागतं. "पुढे पोटगी मागणार नाही" ही ओळ मात्र कोर्ट सहसा मानत नाही, आणि लेकरांची पोटगी आईला लिहून देऊन सोडताच येत नाही. तो लेकरांचा हक्क आहे. म्हणून सही झाली असली तरी वकिलाकडे या.

पुरुषांनाही सांगते. स्टँपाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि दुसऱ्या बायकोला बायकोचा दर्जा मिळत नाही. एका कागदापायी दोन बायांचं आयुष्य टांगणीला लागतं.

जातपंचायतीनं फारकतीपायी दंड मागितला किंवा वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पोलिसांत तक्रार करा.

पायऱ्या

मारहाण होत असेल तर घटस्फोट नंतरची गोष्ट, आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो. त्यातून मारहाणीला मनाई, सासरच्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे आणि लेकरांचा तात्पुरता ताबा मिळू शकतो. लग्न न मोडताही हे सगळं मागता येतं. कितीतरी बायांना खरं तर एवढंच हवं असतं. फारकत त्यांच्या डोक्यात दुसऱ्यांनी घातलेली असते. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, आणि डॉक्टरला खरं कारण सांगा. "पायरीवरून पडले" असं लिहिलं गेलं, की इथेही तेच होतं जे अपघातात होतं.

दुसरी पायरी पोटगी. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात, म्हणजे माहेरी असाल तर माहेरच्या तालुक्यात. अर्ज केलेल्या तारखेपासून पोटगी धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालात सांगितलं आहे. त्यात दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवरा म्हणेल, माझ्या नावावर काही नाही. म्हणून सासरचे सातबारे, ट्रॅक्टर, दुकान, पिकाच्या पावत्या यांची माहिती आधीच जमवा. सातबारा ऑनलाइन मिळतो. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्या.

तिसरी पायरी घटस्फोट. लग्नाला एक वर्ष होईपर्यंत अर्ज सहसा करता येत नाही. नागपूर, अमरावती, अकोला इथे कौटुंबिक न्यायालय आहे; जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे अर्ज चालतो. लग्न झालं ते ठिकाण, दोघे शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, किंवा बायको सध्या राहते ते ठिकाण, यांतलं बायकोला सोयीचं निवडता येतं.

दोघेही तयार असतील तर संमतीचा घटस्फोट सर्वांत कमी त्रासाचा. अट एवढीच, की दोघे एक वर्षापासून वेगळे राहत असावेत. पहिल्या जबाबानंतर सहा महिन्यांनी दुसरा जबाब होतो; जुळण्याची काही आशाच नसेल तर ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. पैशांचं, लेकरांचं, दागिन्यांचं आणि भांड्याकुंड्यांचं सगळं अर्जातच लिहा. एकरकमी रक्कम ठरली असेल तर निदान मोठा भाग दुसऱ्या जबाबाच्या आधी किंवा त्याच दिवशी, डिमांड ड्राफ्टनं, कोर्टासमोर घ्या. "कापूस निघाला की देतो" यावर दुसरा जबाब देऊ नका. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावं.

बायको तयार आणि नवरा नाही, किंवा उलट, तर क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशा कारणांवर केस लढवावी लागते. तिला वर्षं लागतात. निकालानंतरही अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या आणि मगच दुसऱ्या लग्नाची बोलणी करा.

दोन्ही प्रश्न एकाच घरात आले तर

असं होतं, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त अन्याय होतो. बायको माहेरी आहे, स्टँपावर फारकत झालेली आहे, आणि नवरा अपघातात जातो. सासरचे तिला न सांगता दावा लावतात, किंवा "तुझा आता काय संबंध" म्हणतात. कोर्टाचा हुकूम झालेला नसेल तर ती कायद्यानं त्याची विधवाच आहे, आणि तिचा व लेकरांचा हिस्सा आहे. तिला कळलं, की त्या केसमध्ये पक्षकार होण्यासाठी अर्ज द्यायचा.

दुसरा प्रसंग : तरुण विधवेचं पुढे लग्न होतं आणि सासरचे म्हणतात, तिचा हक्क संपला. तसं नाही. पुन्हा लग्न केल्यानं भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं आहे.

भरपाई मंजूर झाली की न्यायाधिकरण कोणाला किती ते वेगवेगळं सांगतं आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, लेकरांचे पैसे बहुधा मुदत ठेवीत ठेवायला लावतं. विधवेच्या नावे स्वतंत्र खातं उघडा. पासबुक आणि एटीएम कार्ड तिच्याजवळच राहू द्या.

वकील, खर्च आणि पेशी

बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीतला माणूस, अपंग व्यक्ती किंवा कामगार असेल, तर कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. इतरांना वर्षाला तीन लाखांच्या उत्पन्नापर्यंत. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. साधा अर्ज लागतो. फोन करायचा तर १५१००. पोटगी आणि घटस्फोटाच्या केसमध्ये महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे.

खासगी वकील लावला तर फी आधी ठरवा आणि पावती मागा. भरपाईत टक्केवारी ठरवून केस घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, मग तो प्रस्ताव वकिलाचा असो की त्याच्या एजंटाचा. कोऱ्या चेकवर, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. वकीलपत्रावर सही करताना त्यावर वकिलाचं नाव आणि केसचं नाव भरलेलं आहे का ते बघा.

केस लागली की वकिलाकडून सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, लिहून घ्या. तो १६ अंकी-अक्षरी असतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या ॲपमध्ये तो टाकला की पुढची पेशी (कोर्टाची तारीख) कधी, मागच्या पेशीला काय झालं, ते घरी बसून दिसतं. मजुरी पाडून, एसटीचं भाडं भरून यायचं आणि पेशी पुढे गेली एवढंच ऐकून परतायचं, हा फेरा त्यानं बराच वाचतो. मात्र आपली साक्ष असेल त्या पेशीला चुकवू नका. हजर नसल्यामुळे दावा निकाली निघू शकतो.

लोकअदालतीत तडजोडीला बसायला हरकत नाही, पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. म्हणून जाण्याआधी वर दिलेल्या रीतीनं आपला आकडा काढा, चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी खिशात घेऊन बसा.

पहिल्या भेटीला येताना आधार, पासबुक, रेशन कार्ड, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, लेकरांचे जन्मदाखले आणि दवाखान्या-ठाण्यातला मिळाला तो प्रत्येक कागद आणा. आधी कुठल्या स्टँपावर सही झाली असेल तर त्याची झेरॉक्सही आणा, लपवू नका. झेरॉक्स कुणी दिलीच नसेल, तर ज्या नोटरीकडे ते झालं त्याचं नाव आणि साधारण तारीख सांगा. नोटरीच्या रजिस्टरात नोंद असते.